बुधवार-शनिवारचे शिपाई

लामाच्या गोष्टी चिंचेसारख्या. एक तोडायला जावं तर फांदीच हातात येते! लाम म्हणजे साता समुद्रापलीकडची लढाई. त्या साली आमच्या कसबा बावड्यातल्या तीस जणांनी संस्थानच्या पलटणीत नावं घातली होती. पाच दिवस नांगर, बुधवारी-शनिवारी बंदूक!

आमचे मालक त्यातलेच. जुने पैलवान, वयानं सगळ्यांत थोरले. लामावर कोण जाणार ते गोरा साहेब येऊन ठरवणार होता, आणि चाळिशी उलटलेल्याला घेत न्हाईत अशी बोलवा होती. ह्यांची कधीच उलटलेली! "सगळी जाणार आन् मी हितं पाखरं हाकू?" म्हणायचे. त्यांनी जावं असं मला वाटत होतं का? मला कुणी विचारलंच न्हाई. पण माझ्या नवऱ्याला म्हातारा म्हणून कुणी परत धाडलेलं मला खपलं नसतं.

*

पहिल्यांदा बूट मिळाले तो बुधवार. पलटण लेफ्ट-राइट करत मारुतीच्या देवळापाशी आली आणि हुकूम नसताना थांबली. तिसांनी बूट काढले, पाया पडून आले, मिळतील ते बूट घातले. पुढं निम्मी पलटण लंगडत!

कवायत शिकवणारे दस्तगीर हवालदार कुरुंदवाडचे. डोक्याला हात लावून म्हणाले, "अरं, दुश्मनाच्या मुलखात देऊळ लागलं तर?"

शेजारचा बसप्पा म्हणाला, "एकजण बुटांच्या राखणीला ठेवू की!"

*

हाच बसप्पा एकदा एकाच पायाला पलटणीची पट्टी गुंडाळून हजर.

"दुसरी कुठाय?"

"वासराचा पाय मोडलाय. गंगव्वानं त्याला बांधली."

"परेड तुझी हाय का वासराची?"

"त्यालाबी चालायचं हाय की, हवालदार!"

हवालदार तरातरा गोठ्यात गेले. आता त्याच्या बायकोचं, गंगव्वाचं, काही खरं न्हाई म्हणून मी मागोमाग धावले. बघते तर हवालदार खाली बसलेले. "उलटी गुंडाळलीय," म्हणाले आणि स्वतः बांधून दिली!

*

मिशा काळ्या दिसाव्यात म्हणून मी ह्यांना काजळ लावून धाडलं. ऊन असं कडक, की काजळ हनुवटीवरनं छातीवर!

हवालदार म्हणाले, "पैलवान, वय गळाय लागलं!"

आता मिशा पार पांढऱ्या झाल्यात, तरी काजळाचा विषय निघाला की हे उठून गोठ्यात जातात.

*

शेवटी साहेब आला. तालमीपुढच्या तांबड्या मातीत पलटण उभी. साहेब ह्यांच्यापुढं थांबला. वय विचारलं. ह्यांनी नुसती छाती पुढं काढली. "पैलवान हाय, सायब," हवालदार घाईनं म्हणाले.

साहेब खूश झाला. हसून त्यानं हात पुढं केला.

तांबड्या मातीत उभ्या माणसानं असा हात पुढं केला, तर आमच्याकडं एकच अर्थ! हे वाकले, चिमूटभर माती उचलली, साहेबाच्या हाताला लावली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत साहेब आभाळ बघत पडला!

ह्यांनीच हात देऊन त्याला उठवलं.

"सलाम ठोक आन् माघारी सर!" हवालदार दातओठ खात पुटपुटले.

हे जागचे हलेनात. "बक्षीस झाल्याबिगर पैलवान आखाडा सोडत न्हाय."

हवालदारांनी ते साहेबाला सांगितलं. साहेबानं पाठीवरची माती झाडली, यादी मागवली आणि ह्यांचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.

हे घरी आले ते उड्या मारतच. "मिळालं बक्षीस!"

मी भाकरी थापत होते. हात न थांबवता म्हटलं, "नुसतं बक्षीस. फेटा ऱ्हायलाय. तो तुमी परत आल्यावर मी बांधीन."