हवालदाराच्या चहातला चमचा

मंजुळाआत्या मागच्या महिन्यात गेली. सत्त्याऐंशी पूर्ण. तिच्या फळीवरच्या बाटल्या अजून तशाच आहेत. मोरचूद, नवसागर, तुरटी, टाकणखार, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. एका बरणीत मात्र एक राखाडी गोळा आहे, चपटा, सुपारीएवढा, त्यावर चिठ्ठी नाही. चिठ्ठीची गरजच नव्हती. सगळ्या घराला ठाऊक होतं की त्या गोळ्यापायी तिचं लग्न मोडता मोडता जमलं.

छप्पन सालची गोष्ट. लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर भिवा घाडी, त्यांची बायको राधाबाई आणि मुलगी मंजुळा. भिवा गिरणीत फिटरच्या हाताखाली. त्यांना एक नाद होता. दारूचा नाही, पत्त्यांचा नाही. राधाबाई म्हणायची, त्यातला एखादा असता तर बरं, चार माणसांत सांगता तरी आला असता. त्यांना धातूंचा आणि खारांचा नाद. रद्दीत त्यांना रसायनाचं एक पुस्तक मिळालं होतं, पहिली चाळीस पानं गायब. म्हणून त्यांना सगळं एक्केचाळिसाव्या पानापासूनचं यायचं. काय करू नये ते बहुतेक पहिल्या चाळीसमध्ये असावं.

मोरीच्या वर फळी ठोकली, तीच प्रयोगशाळा. मंजुळा लहानपणापासून तिथे. बाकीच्या पोरी ठिक्कर खेळायच्या, ही कथील वितळवायची. बापलेकीनं एकदा सगळ्या चाळीला सांगितलं की जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. ज्यांच्या लग्नात जर्मन सिल्व्हरचे डबे आले होते त्या सहा बायकांनी वर्षभर राधाबाईशी बोलणं टाकलं.

मंजुळाला अठरावं लागलं तोवर दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्या वेळी भिवांनी सकाळी गंधकाचा काहीतरी प्रकार केलेला, पोह्यांच्या बशा पुढे आल्या आणि खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास. पाहुणे एकमेकांकडे संशयानं बघत उठले ते गेलेच. दुसऱ्या वेळी मंजुळाच्या बोटांवर तेजाब सांडलेलं, बोटं पिवळीधम्मक. मुलाची आई म्हणाली, "हिला तर हळद आधीच लागलीय! एकीकडे लावून दुसरीकडे दाखवता?" किती समजावलं, तेजाबानं कातडी पिवळी होते म्हणून. ती म्हणाली, "मग तर आणखीनच नको."

तिसरं स्थळ आलं दिवाळीच्या आधी. मुलगा चंदू, माझगावच्या गोदीत कामाला. आईबाप नाहीत, काका वाढवणारा. काकाचं नाव रामजी, आणि काका हवालदार.

इथेच गाठ पडली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. जानेवारीत गोळीबार झाला होता, माणसं गेली होती, चाळीत कोणाच्या मनातून ते गेलं नव्हतं. चाळीच्या कमिटीनं ठरावच केला होता, पोलिसाला ह्या चाळीत कोणी चहा पाजायचा नाही. पाजला तर त्या घराशी पाणी बंद. कमिटीचे म्होरके कुशाबा, ठरावाला अगदी पक्के.

"तो साधं धोतर नेसून येणाराय," भिवा म्हणाले. "कपाळावर काय हवालदार लिहिलंय?"

"ता माका ठावक नाय," राधाबाई म्हणाली. "पण एक बाटली जरी दिसली ना, तर मी गावाक चाललंय. आणि मंजू, तू तोंड उघडूचा नाय. नाव विचारला तर नाव. बस."

मंजुळानं मान हलवली. तिच्या मनात होतं ते असं, की हेही मोडलं तर आई फळीच मोडून चुलीत घालेल. तसं राधाबाईनं देवासमोर बोलूनही दाखवलं होतं.

बाटल्या सगळ्या ट्रंकेत गेल्या, ट्रंक खाटेखाली, खाटेवर गोधडी. राहिला एक चमचा. पण चमचा काही बाटली नव्हे, तो कोणाच्या डोक्यात येणार?

तो चमचा कसला ते सांगायला पाहिजे. गिरणीत छताला पाण्याचे नळ असतात, त्यांना फवारे. फवाऱ्याचं तोंड एका मऊ धातूच्या डाखानं बंद केलेलं. आग लागली, हवा तापली, की तो डाख वितळतो आणि पाणी सुटतं. जुने फवारे काढले की भिवा मोठ्या फिटरला विचारून ते घरी आणायचे. मंजुळा ते कढत पाण्यात टाकायची, अंडी उकडावी तसे. तळाशी चांदीसारखे थेंब जमायचे. दोन वर्षांत मूठभर साठले. मग तिनं घरातल्या चमच्याचा मातीत साचा घेतला आणि ओतला चमचा. असा सुबक, असा लखलखीत, की बस. त्यात शिसंबिसं होतं, खाण्यापिण्याला चालायचा नाही. गरम पाण्यात घातला की नाहीसा व्हायचा, हीच त्याची गंमत. धुऊन सुकायला म्हणून फडताळाच्या कडेला ठेवला होता.

शेजारची शांता चहाचा ट्रे लावायला आली. चाळीत बघण्याचा कार्यक्रम असला की चार घरांतल्या कपबश्या नि चमचे गोळा होतात, तसे गोळा झालेले. शांतानं सगळे चमचे मांडले आणि सगळ्यात चांगला चमचा सगळ्यात मोठ्या पाहुण्याच्या बशीत ठेवला. कोणीही तेच केलं असतं.

मंजुळा ट्रे घेऊन बाहेर आली. मान खाली, डोळे खाली, शिकवल्याप्रमाणे. डोळे खाली म्हणूनच दिसला. हवालदाराच्या बशीत तिचा चमचा! ओरडावं तर तोंड उघडायचं नाही. तिनं मनात म्हटलं, देवा, ह्याला साखर कमी पडू देऊ नको.

रामजीनं एक घोट घ्यायच्या आधी वास घेतला, आणि म्हणाला, "मला जरा गोड लागतो हां."

राधाबाईनं लगबगीनं दोन चमचे साखर घातली. रामजीनं चमचा उचलला, कपात घातला, ढवळायला लागला. ढवळतोय, ढवळतोय. बाहेर काढला तर हातात नुसती दांडी. दांडीलाही शेवटी एक थेंब लोंबत होता, तो टपकन कपात पडला.

रामजीनं दांडीकडे बघितलं. मग कपात बघितलं. मग टेबलाखाली बघितलं. सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली.

"चमचो खय गेलो?"

भिवांना कळलं होतं, पण राधाबाईची नजर त्यांच्यावर रोखलेली.

"आता हातात होतो हो," रामजी पुटपुटला. वीस वर्षं चोर पकडले, असा हातातून पसार झालेला कोणी नव्हता. पण मुलीकडे पाहुणा म्हणून गेलेल्या माणसानं आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवण्यात शहाणपण. त्यानं दांडी हळूच बशीत ठेवली, घसा साफ केला आणि कप तोंडाला लावला.

"काका, पिऊ नका!"

मंजुळा. पूर्ण आवाजात. राधाबाईनं पदर तोंडात कोंबला.

रामजीचा कप हवेतच. "का? काय घातलांस ह्याच्यात?"

"शिसं," मंजुळा म्हणाली.

ह्यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नव्हतं. रामजी ताडकन उभा. "पोलिसाक इख?" आणि तेवढ्यात दारात कुशाबा. दाराबाहेर काढलेले जाड खिळ्यांचे बूट त्यांनी बघितले होते. धोतर साधं होतं, पण बूट कोण बदलतो?

"भिवा! तुझ्या दारात सरकारी बूट. चहा पाजलास?"

"पाजला," भिवा म्हणाले. "म्हणजे दिला."

"ठराव काय होता?"

"ह्या पोरीन माका इख दिल्यान!" रामजी ओरडला.

कुशाबांनी मंजुळाकडे बघितलं, जरा आदरानंच. "खरं काय?"

"इख नाही हो," मंजुळा रडकुंडीला आली. "चमचा आहे तो." आता गप्प बसून वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतंच. तिनं कपातला चहा मोरीत ओतला. तळाशी चांदीचं पाणी हलत होतं. ते तिनं बशीवर कलंडवलं, फुंकर घातली. घट्ट झालं. चुलीवरचं आधण त्यावर घातलं, परत पातळ. पाणी काढलं, परत घट्ट. खोलीत दहा माणसं, दारात वीस, सगळ्यांच्या माना त्या बशीवर.

मग कुशाबा म्हणाले, "पण चहा प्याला का नाही?"

"खय पिवक दिल्यान?" रामजी.

कुशाबांनी विचार केला. "ठराव पाजण्याचा आहे. दिला, पण पाजला नाही. पाणी बंद करता येत नाही." आणि दारातल्या वीस जणांनाही ते पटलं.

चंदूनं तोवर मुलीकडे बघितलंही नव्हतं, तो बशीकडे बघत होता. गोदीत तो ओतशाळेत होता, रोज लोखंड नि पितळ ओतायचा. त्यानं तो चपटा गोळा उचलला, उलटा केला.

"साचा कशाचा?"

भिवा तोंड उघडणार तेवढ्यात मंजुळा म्हणाली, "चिकणमातीचा. राख मिसळून."

"कोणी केला?"

"मीच."

"दांडीला भोक पडलं नाही?"

"पहिल्या दोन वेळा पडलं. मग साचा तापवून घेतला."

चंदूनं काकाकडे बघितलं. "काका, आमच्याकडच्या मिस्त्रीला तापवायचं कळत नाही."

"अरे पण ती शिसा पाजता!"

"पाजलं कुठे? ओरडली ना."

रामजी खाली बसला. दांडी ठेवली होती ती बशी त्यानं बोटानं लांब सारली. मग म्हणाला, "पसंत. पण चमचे आमच्याकडचे."

राधाबाईनं फळी मोडली नाही. लग्नात चंदूनं ती उचलून माझगावला नेली, रुखवतातलं दुसरं काही नेलं नाही एवढ्या कौतुकानं. पुढे साठ साली राज्य झालं तेव्हा रामजीनं लालबागच्या चाळीत येऊन कुशाबांच्या घरी चहा घेतला. दोन कप. ढवळला मात्र बोटानं.

परवा आत्याच्या तेराव्याला मी सगळ्यांना चहा दिला. म्हातारी माणसं, तिच्या नात्यातली, रडून डोळे सुजलेले. एकेकानं चमचा कपात घातला आणि ढवळायच्या आधी वर काढून बघितला. आहे का म्हणून.