माईकबाईंची दीड महिन्याची रजा

बसस्थानकावर चोवीस वर्षं गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे माईकबाई म्हणत. काचेच्या केबिनमध्ये बसून त्या अशा थाटात बोलत, की त्यांनी सांगितल्याशिवाय ड्रायव्हरला गिअर टाकायची सोय नाही असंच वाटावं. रजा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. आजारपणाची, हक्काची, सगळी रजा वर्षानुवर्षं तशीच पडून होती. नवऱ्याने सहलीचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळे, "आणि स्टँड कोण चालवणार?"

मग एकदा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि बजावलं, दीड महिना रजा, तोंडातून चकार शब्द नाही. "ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल." बाईंना प्रश्न पडला, आवाज गेला तर आपल्याकडे दुसरं आहे काय?

घरी त्या पाटी-खडू घेऊन नवऱ्याच्या मागे फिरू लागल्या. 'पंखा बंद करा.' 'टॉवेल वाळत घाला.' चार दिवसांत नवरा शहाणा झाला. पाटी दिसली की म्हणे, "अगं, चष्माच सापडत नाहीये." चष्मा त्याच्या खिशात असे.

तिसऱ्या आठवड्यात बाईंना राहवेना. आपल्यावाचून स्टँडचे कसे तीनतेरा वाजलेत ते बघायला त्या गेल्या आणि प्रवाशांच्या बाकावर बसल्या. केबिनमध्ये त्यांच्या जागी पास खिडकीवरचा कारकून होता. भोंग्यातून आवाज आला, घर्रर्र, खर्रर्र, मग कुणीतरी खाकरल्यासारखं. बाईंना मनातून उकळ्या फुटल्या. बावळटाला साधं गावाचं नाव घेता येत नाही! शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आजींपुढे त्यांनी पाटी धरली, 'नीट बोलत नाही ना हा?'

"कोण?" आजींनी विचारलं. बाईंनी भोंग्याकडे बोट दाखवलं.

"अगंबाई, त्यातून माणूस बोलतो होय? मला वाटलं पंखा बिघडलाय."

"आजी, तुमची गाडी तीन नंबरला लागलीय, जा," चहावाला ग्लास विसळत म्हणाला. बाई मागच्या दाराने येत-जात, चहा घरून आणत आणि केबिनमध्ये कागदात डोकं घालून बसत, त्यामुळे त्याने त्यांचा चेहरा कधी नीट पाहिलेला नव्हता. "इथे सगळ्यांना मीच सांगतो. आधी एक बाई होत्या, त्यांचंही असंच. अकरा वर्षं ऐकतोय, एक अक्षर कळलं असेल तर शपथ!"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि रागवायचं तरी कुणावर? 'ऐकू येत नाही' अशा तक्रारी यायच्या, तेव्हा त्यांनीच वळणदार अक्षरात शेरा मारला होता, 'प्रवाशांनी कान देऊन ऐकावे.'

रात्रभर त्या तळमळल्या, पण सकाळी पुन्हा स्टँडवर हजर. बाक बदलत, कान टवकारत त्यांनी अख्खं आवार पालथं घातलं. पास खिडकीजवळ घर्रर्र, नळाजवळ घर्रर्र. शेवटी मागे, गाड्या धुतात तिथे, शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला. तिथे ऐकायला होत्या दोन ओल्या बसगाड्या. कैक वर्षांपूर्वी छताला रंग देताना रंगाऱ्याने भोंगे मागे वळवले होते, आणि ते परत फिरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी थेट स्थानकप्रमुखांना गाठून पाटी दाखवली.

"पण बाई, तुम्ही तर रजेवर आहात ना?" ते म्हणाले.

बाईंनी लिहिलं, 'म्हणूनच कळलं.' त्याच दुपारी वायरमनने शिडी लावून भोंगे फिरवले.

दीड महिना भरला. आवाज परत आला होता. बाईंनी माईक हातात घेतला. एरवी त्या कागदावर नजर ठेवून बोलत, त्या दिवशी काचेबाहेर बघत, सावकाश बोलल्या. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बूट काढून निवांत बसले होते. गावाचं नाव ऐकताच त्यांनी घाईघाईने बूट चढवले, पिशवी उचलली आणि चहावाल्याकडे ढुंकूनही न बघता तीन नंबरच्या गाडीकडे निघाले.

बाई बघतच राहिल्या. ते गाडीत चढले, खिडकीशी बसले, गाडी सुटलीसुद्धा. या नादात पुढच्या दोन गाड्यांची घोषणा राहून गेली. शेवटी चहावाला काचेवर टकटक करत आला.

"अहो बाई, बोला की! लोक थांबलेत."