व्यायाम वर्गातला नाच

नाचाच्या क्लासात घुंगरांपेक्षा किस्से जास्त साठतात. आमच्या पेणच्या क्लासात तर घुंगरूच नाहीत, कारण आम्ही करतो कंटेम्पररी. म्हणजे नुसते किस्सेच!

आधी पाटीचा सांगते. रामवाडीतल्या आमच्या हॉलवर आजही पाटी आहे, 'महिला व्यायाम वर्ग'. तीस वर्षांपूर्वी माईंनी क्लास काढला तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी बजावलं, "आमची सून नाच शिकवणार नाय!" माईंनी वाद घातला नाही. पेंटरला बोलावून ही पाटी रंगवून घेतली. मी तेव्हा आठवीत, पहिल्याच बॅचला.

आता सासरे नाहीत आणि क्लास मी चालवते. मध्यंतरी विचारलं, "माई, पाटी बदलूया?"

"कशाला? घाम येतो ना? मग व्यायामच हाय!"

*

गणपतीआधी आमचा अर्धा हॉल मूर्तीच्या कारखान्याला जातो. कच्च्या मूर्ती ओळीने वाळत असतात. चुकून हात लागला तर सोंडच हातात! त्यामुळे आमच्या मुली कोपरं अंगाशी धरूनच नाचायला शिकतात.

एका स्पर्धेत परीक्षक भारावून गेले. "हातांमधला हा संयम आणला कुठून?"

माझी बारावीतली विद्यार्थिनी सना माईकवर म्हणाली, "सर, बाप्पाची सोंड तुटू नये म्हणून!"

तरीही बक्षीस आम्हालाच मिळालं.

*

सनाचे अब्बा नोकरीला कतारमध्ये. ते व्हिडिओ कॉलवर तिची प्रॅक्टिस बघतात. एकदा फोनवरून कौतुक सुरू झालं, "बेटा, मध्ये एका पायावर मिनिटभर हललीच नाहीस, ती स्टेप एकदम भारी!"

खरं तर नेटवर्क अडकलं होतं! पण सनाने ती स्टेप खरोखरच घातली. आता तिला आम्ही 'कतार' म्हणतो.

*

राहिला रोह्याचा.

माईंचा स्वतःचा एक नाच होता, तरुणपणी बसवलेला. क्लास सुटला की त्या तो रोज दार लोटून करायच्या, पण स्टेजवर कधीच नाही. कारण त्यांच्या सासूबाई! ही बाई रोज हॉलच्या दारात सूप घेऊन वाल सोलत बसायची. माई वैतागायच्या, "सासऱ्यांनी पहारा बसवलाय गो! आत्यांचे वाल काय संपत नाय."

यंदा रोह्याच्या कार्यक्रमात माईंनी नाचायचं ठरवलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. अट एकच, "आत्यांना कळता कामा नये. त्या समोर बसल्या तर माझे पाय उचलायचे नाय."

आम्ही गुपित पाळलं. पण सासूबाई नेमक्या लेकीकडे रोह्यालाच राहायला गेलेल्या! पडदा उघडला आणि पहिल्या रांगेत त्याच, नव्वदीच्या, काठी मांडीवर घेऊन.

माईंचा चेहरा पांढराफटक. तरी माई नाचू लागल्या, आणि काय सुरेख! अर्ध्यावर पोचल्या आणि स्पीकर बंद पडला. माई जागच्या जागी थिजल्या. आता या परत कधीच स्टेजवर यायच्या नाहीत, असं वाटून मला रडूच फुटलं.

तेवढ्यात पुढून टाळी आली. बरोबर त्याच ठेक्यात. सासूबाई वाजवत होत्या, आणि वर खणखणीत आवाजात,

"थांबलीस का गो? अजून दोन गिरक्या हायेत!"