पट्टी खोटी होती का?

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात पाण्याचा पंप उघडून बसलो होतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पंपाचे सुटे भाग, भोवती मुलं. ऑफिसात फोन आला होता. बाई भाच्याच्या लग्नाला अमळनेरला गेल्या होत्या. सकाळी चहा घेऊन अंगणात खुर्चीवर बसल्या आणि बसल्या जागीच... हृदय बंद पडलं. मी वर्गात परत येऊन मुलांना सांगितलं. काही मुली रडायला लागल्या. आणि मग पुढच्या बाकावरची वैशाली डोळे पुसत म्हणाली, "सर, हृदय बंद पडतं म्हणजे नेमकं काय बंद पडतं?"

क्षणभर मला तिचा राग आला. ही काय विचारायची वेळ? पण माझ्या हातात पंपाची झडप होती, आणि ही शाळा बाईंची होती. मी ती झडप सगळ्यांना दिसेल अशी धरली. पाणी एकाच बाजूला कसं जातं, उलटं का येत नाही, हृदयातही अशाच झडपा असतात, एवढं मला ठाऊक होतं ते सांगितलं. वैशालीचं समाधान झालं नाही. "पंपाला वीज बाहेरून येते. हृदयाला कुठून येते?" मी म्हणालो, मला माहीत नाही, आपण शोधू. शाळा सोडून द्यायच्या ऐवजी आम्ही तो तास पुरा केला. त्याला आता पाच आठवडे झाले. बाईंना श्रद्धांजली म्हणून ह्याहून चांगलं काही मला अजून सुचलेलं नाही.

सुमन बोरसे हे त्यांचं नाव, पण सुरतेच्या उधना, पांडेसरा, नवागाम भागात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. धुळ्याकडच्या. लग्न केलं नाही. सुरतेच्या एका मराठी शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवत होत्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात मी मेन्टेनन्स फिटर होतो. आयटीआय केलेला, हाताला कायम ग्रीस. कुणा विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटायला त्या आल्या होत्या, पण त्यांचं लक्ष मी उघडलेल्या गिअरबॉक्सकडे गेलं. त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. "हे लहान चाक मोठ्याला फिरवतं, मग जोर वाढतो की वेग?" मी सांगितलं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. अर्धा तास झाला. उठताना त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं हे फळ्यावर शिकवतेय, मुरलीभाऊ. आज कळलं."

पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या. कापडाच्या डिझाइनसाठी चौकटी छापलेला कागद असतो, त्याच्या मोठ्या तावावर त्यांनी एक शाळा काढून आणली होती. आठवी ते दहावी. इमारत कशी, खिडक्या कुठे, हे सगळं होतंच. पण मधोमध सगळ्यात मोठी खोली होती ती वर्कशॉपची. वर्गखोल्या तिच्या भोवती. ऑफिस एका कोपऱ्यात, सगळ्यात लहान. "आपल्या पोरांचे आईबाप रोज बारा तास मशीनपाशी उभे असतात," त्या म्हणाल्या, "आणि पोरांना वाटतं विज्ञान म्हणजे पुस्तकातलं काहीतरी, दुसऱ्या लोकांचं. आपण यंत्रमागापासून सुरुवात करायची. धोटा का धावतो, तिथून." मी म्हटलं, छान आहे, पण मला का दाखवताय? तर त्यांनी वर्कशॉपच्या खोलीवर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतं.

मी हसलो. मी बीएड नाही, बीए पण नाही. बाई म्हणाल्या, "बीएड झालेले मी आणीन. बंद पडलेली मशीन कुठून उघडायची, ते त्यांना येत नाही."

अशी मी कारखाना सोडून शाळेची नोकरी धरली. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. पांडेसऱ्यातल्याच एका प्रोसेस हाऊसच्या शेठनी आपली एक रिकामी शेड शाळेसाठी वापरायला दिली होती. मनाने मोठा माणूस. कामगारांची मुलं शिकतात ह्याचं त्यांना खरंच कौतुक होतं. पहिल्या वर्षी मुलं थोडी आली, मुली तर फारच थोड्या. बाई नवागामच्या गल्ल्यांतून घरोघर फिरायच्या. मी सोबत असायचो. एका दारात एक आजीबाई भांडी घासता घासता अहिराणीत म्हणाली, "मनी नात लगीन करीसन जाई. तिले पान्हा कसाले?" बाईंनी तिच्याच नळाकडे पाहिलं. नळ गळत होता, चिंधी बांधलेली होती. पिशवीतून पान्हा काढून बाईंनी तो आजीच्या हातात दिला आणि कुठे फिरवायचा ते दाखवलं. नळ थांबला. आजी हसली, पण नातीला काही पाठवलं नाही. बाई परत येताना म्हणाल्या, "नळ दुरुस्त करून पोरगी मिळत नाही. काय केलं म्हणजे मिळेल?" हे त्या मला विचारत नव्हत्या. स्वतःलाच विचारत होत्या, आणि उत्तर सापडेपर्यंत सोडणार नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी ते प्रकरण झालं. आठवीच्या मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवायचं होतं. बाईंनी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या आणि मुलांना सांगितलं, पुस्तकातली द्रावणं नकोत, आपापल्या घरचं पाणी आणा. मुलांनी घरच्या नळाचं आणलं, खाडीचं आणलं, शाळेशेजारच्या चाळीतल्या हातपंपाचं आणलं. पट्टी बुडवायची, रंग पाहायचा, वाळवून चार्टवर चिकटवायची, खाली जागेचं नाव. नळाच्या पाण्याच्या पट्ट्या हिरवट झाल्या. खाडीची गडद निळी झाली, म्हणजे अल्कली. आणि हातपंपाचीही निळीच झाली... त्या हातपंपाचं पाणी चाळीतले लोक पीत होते. एकाने विचारलं, हे प्रोसेस हाऊसचं पाणी आहे का? बाई म्हणाल्या, "ते ह्या पट्टीला माहीत नाही. आपण रंग सांगायचा. कारण कळेल तेव्हा सांगू." चार्ट दारासमोरच्या भिंतीवर लागला.

दोन दिवसांनी शेठचा मॅनेजर येऊन तो पाहून गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "समजावो बेनने." मी काही बाईंना समजावलं नाही. मी शाळा सुटल्यावर तो चार्ट काढला, घडी केली आणि वर्कशॉपच्या कपाटात मागे ठेवून दिला. मला वाटलं, मी शाळा वाचवतोय.

सकाळी बाईंनी रिकामी भिंत पाहिली. त्यांना विचारावं लागलं नाही. माझ्या चेहऱ्यावरच असावं. मुलं यायची होती. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या.

"मुरलीभाऊ, पट्टी खोटी होती का?"

"नाही."

"मग?"

"शेड जाईल, बाई. शाळा राहिली पाहिजे."

"कशासाठी?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, एखाद्या मुलाकडून हवं असतं तसं. मी कपाट उघडलं. चार्टवर घडीचा वळ पडला होता आणि हातपंपाची पट्टी निघून पडली होती. ती काही सापडली नाही. बाईंनी मुलांना पट्टी हरवली एवढंच सांगितलं, माझं नाव घेतलं नाही, आणि हातपंपाचं पाणी पुन्हा आणायला लावलं. पुन्हा निळी. चार्ट परत त्याच भिंतीवर लागला.

मग त्या स्वतः शेठकडे गेल्या आणि त्यांना शाळेत घेऊन आल्या. भिंतीवरच्या चार्टकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. हातपंपाच्या पाण्याचा ग्लास आणि एक कोरी पट्टी पुढे केली. शेठनी आपल्या हाताने पट्टी बुडवली आणि निळी झालेली ती उजेडात धरून पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी चांगलं बोलणार. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बेन, आ कागळियुं उतारी लो." म्हणजे भिंतीवरचा तो चार्ट काढा. बाईंनी मान हलवली. नाही. शेठ उठले. दारात थांबून म्हणाले, "तो दिवाळी पछी शेड खाली करी आपजो." रागाने बोलले नाहीत. उलट त्यांनाच वाईट वाटत असावं असं मला वाटलं.

दिवाळीनंतर आम्ही सामान हातगाडीवर लादून नवागाममध्ये आलो. खानदेशातल्याच एका मंडळाने आपला हॉल दिला. वर पत्रा, मधे पडदे बांधून तीन वर्ग. मी मनातून खचलो होतो. मुलं निम्मी राहतील असं धरून चाललो होतो. पण चार्टची गोष्ट आमच्या आधीच नवागामला पोचली होती. दुसऱ्याच आठवड्यात एक बाई दारात उभी. कडेवर मूल, हातात औषधाच्या बाटलीत पाणी. "बाई, आमनं पानी बी देखी द्या ना." मग दुसरी आली, मग चार, मग रोजच. बाईंनी त्यांच्यासमोर आठवीच्या मुलींना पट्ट्या बुडवायला लावल्या. हिरवी पट्टी पाहून एखादी खूश झाली की बाई लगेच सांगायच्या, "हिच्यावरून एवढंच कळतं. पाण्यात जंतू आहेत का ते हिला कळत नाही. उकळूनच प्या." काही जणी वैतागायच्या, मग उपयोग काय ह्या पट्टीचा? बाई म्हणायच्या, "जेवढा आहे तेवढाच." मला वाटतं, त्या गल्लीत 'मला एवढंच माहीत आहे' असं सांगणारं शिकलेलं माणूस लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. ती आजीबाईही आली. बाटली ठेवली आणि पट्टी बुडवणाऱ्या मुलीकडे पाहत बसली. "ही कोणाची?" शेजारच्या लूमवाल्याची मुलगी होती. पुढच्या जूनमध्ये आजीची धाकटी नात आठवीच्या वर्गात होती. तीच ही आता नववीतली, पुढच्या बाकावरची वैशाली. ती आठवीत दोनदा बसली, प्रश्न विचारण्यात वेळ जाई म्हणून, असं बाई कौतुकाने सांगायच्या.

हातपंपाचं पुढे काय झालं? मुलांनी त्याला लाल रंग दिला, चाळीतल्यांनी अर्ज केले, काही काळाने नळ आला. कारण काय होतं ते शेवटपर्यंत आम्हाला सिद्ध करता आलं नाही, आणि बाईंनी ते कधी सिद्ध झाल्यासारखं बोलू दिलं नाही. चार्ट मी का काढला, हे मी त्यांना नीट कधी सांगितलं नाही. एकदा म्हणायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही तो फाडला नाहीत, घडी केलीत. मी त्यावर पुष्कळ विचार केला..." आणि कोणीतरी हाक मारली म्हणून उठून गेल्या.

आता शाळेला स्वतःची इमारत आहे. डिझाइनच्या कागदावर होती तशीच, वर्कशॉप मधोमध. मुख्याध्यापकाचं काम सध्या माझ्याकडे दिलंय. गेल्या आठवड्यात मंडळाने ऑफिसला दार बसवायला एक सुतार पाठवला. बाईंच्या ऑफिसला दार नाही. इमारत झाली त्याच महिन्यात वर्कशॉपला एक टेबल कमी पडलं, म्हणून बाईंनी ऑफिसचं दार बिजागऱ्यांतून काढवून त्याला पाय लावून घेतले. चौकटीला बिजागऱ्या अजून तशाच आहेत. सुताराने माप घेतलं आणि विचारलं, पुराना दरवाजा कहाँ है? मी त्याला वर्कशॉपमध्ये नेलं. त्या दारावर सहा मुली वाकून एक पंखा उघडत होत्या. लाकडावर करवतीच्या रेघा, ग्रीसचे डाग, एका बाजूला कडी तशीच. सुतार कडी हलवून हसला. मुलींनी मान वर केली. आठवीतली एक नवीनच आलेली मुलगी विचारायला लागली, "सर, टेबलाला कडी कशाला?"

मी सुताराला परत पाठवलं, आणि तिला बाईंच्या ऑफिसची चौकट दाखवायला घेऊन गेलो.