मामापुढे सरकवलेला ग्लास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आई आर्वीच्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायची. घरी आली तरी केसांत कापूस असायचा. कण्या शिजवायच्या, त्याच खायच्या. मामा तिथंच हमाल. तो प्यायचा — इतका, की मामी माहेरी निघून गेली. मग त्यानं सोडली. कशी सोडली? अंग थरथरायचं, भिंतीला पाठ लावून बसायचा, पण सोडली. मामी परत आली. मला कॉलेजात त्यानंच घातलं. एवढं लक्षात ठेवा.

बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. त्याचा मला माज होता. आजही थोडा आहे. एम.ए.च्या प्रबंधाला विषय घेतला दारूचं व्यसन. सर म्हणाले, नुसतं विचारशील तर माणसं खोटं सांगतील. त्यांच्यात बस, पाहा. जिल्ह्यात दारूबंदी झालेली. नाल्याकाठच्या अड्ड्यावर परक्याला कोण बसू देणार? ओळखीचा माणूस हवा. माझ्याकडे एकच होता — सोडलेला.

"नुसता बसजो, मामा. घेऊ नको."

तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "तुह्या परीक्षेचं काम व्हय ना? चाल मंग."

बाजाराचा दिवस, भर दुपार. नवा माणूस आला की पहिला ग्लास त्यानं रिकामा करायचा, किंवा ज्यानं आणलं त्यानं — हा तिथला रिवाज. पोलिसाचा खबरी असा ओळखायचे. ग्लास माझ्यापुढे आला. मोहाचा उग्र वास.

"काऊन जी, पुस्तकातूनच पेता काय?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी प्यायलो असतो तर काय झालं असतं? एक उलटी. उठून गेलो असतो तर? विषय बदलावा लागला असता. पण मी शिकलेला — त्या ग्लासाला मी तोंड लावू? आणि विषयही सोडवेना.

"मामा घेईन माह्या बदली," मी म्हणालो. आणि ग्लास — हेच सांगायचं होतं — ग्लास मी माझ्या हातानं मामापुढे सरकवला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट ऐकलं ना आपण, असं. मग प्यायला.

पुढच्या बाजाराला त्याला बोलवावं लागलं नाही. माझ्याआधीच बसलेला होता. मी पाहत राहिलो — हात केव्हा थरथरतो, आवाज केव्हा चढतो. निरीक्षण चांगलं आहे, सर म्हणाले. मामाचं नाव मी प्रबंधात घातलं नाही. पुन्हा पिण्याचं कारण लिहिलं: वाईट संगत.

मामी या वेळी गेली नाही. जायला माहेर उरलं नव्हतं. मामाचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. शेवटपर्यंत त्यानं माझं नाव घेतलं नाही. तेरवी झाल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसली.

"तू तं याचंच शिकला ना रे. सांग, काऊन पुन्हा धरली त्यायनं? माह्यं काई चुकलं काय?"

"मले काय माहीत, मामी."

ती मरेपर्यंत आपलं काय चुकलं ते शोधत होती. मी समोर बसून ऐकायचो.

त्या प्रबंधावर मी एम.ए. झालो, पहिल्या वर्गात. नोकरी लागली. आई पुन्हा कधी जिनिंगमध्ये गेली नाही.