उलटा गुंडाळलेला थर

नेवाशाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेल्या पाण्याच्या मोटारी आणतात, मालक त्या खोलून आतली काळी पडलेली तार उपसतात आणि मी नव्या तारेच्या कॉइल करून देते. मालक म्हणजे माझे यजमान; दुकानाचं म्हणाल तर ते दोघांचं आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी सायन्स झालेली होते. फिजिक्स आवडायचं. पुढे शिकले नाही याची फार रुखरुख लागली असं मात्र झालं नाही. सासऱ्यांनी हातात तार दिली, न चुकता वेढे मोजायला शिकवलं, आणि ते काम मला मनापासून आवडलं. अजूनही आवडतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी एक मॅडम स्कूटरवरून दुकानात आल्या. जवळच्याच एका कॉलेजात त्या फिजिक्स शिकवतात. वयानं माझ्याएवढ्याच असतील. बगलेत कागदाची सुरळी होती. ती त्यांनी आमच्या टेबलावर उलगडली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांवर बेअरिंगं ठेवली. कागदावर एक लांबट, दोन्ही टोकांना उघडी लाकडी पेटी काढलेली होती, आणि तिच्याभोवती तारेचे दोन थर, एकावर एक, वेढ्याला वेढा चिकटून. नगरमध्ये त्या दोन दुकानांत जाऊन आल्या होत्या. दोघांनीही, हे मोटारीचं काम नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं.

मालकांनी कागद नीट बघितला. "मॅडम, ही मोटार न्हाई, ट्रान्सफॉर्मर बी न्हाई. ह्याच्यावर चालवायचं काय?"

चालवायचं काहीच नाही, मॅडम म्हणाल्या, पेटीच्या आत फक्त चुंबकाचा जोर हवा आहे. कांद्याच्या लावणीचे दिवस तोंडावर आले होते, दाराशी मोटारींची रांग लागली होती. मालक आता नाही म्हणणार हे मला दिसत होतं. मी कागदावर बोट ठेवून विचारलं, तार कितीच्या गेजची? मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते चहा सांगायला उठले. त्यांचा होकार असाच असतो.

चहा येईपर्यंत मी मॅडमना विचारलं की हे कशासाठी. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. आभाळातून सारखे बारीक कण खाली येत असतात. त्यांना म्युऑन म्हणतात. पत्र्यातून, भिंतीतून, आपल्या अंगातून ते आरपार जातात. हात पसरला तर तळव्यातून सेकंदाला एखादा जातोच. जाड तांब्यात त्यांतले थोडे अडकतात आणि क्षणाच्याही आत फुटतात. फुटताना त्यातून आणखी बारीक कण बाहेर पडतो. तो वर जातो की खाली, एवढंच त्यांना मोजायचं होतं.

मला ते पुरतं कळलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या उठल्या. टेबलावर एक जुना रोटर, मोटारीतला फिरणारा भाग, पडलेला होता. तो त्यांनी भिंतीवरच्या आरशासमोर उभा धरला आणि हातानं फिरवला.

"आरशात बघा ताई. कसा फिरतोय?"

"उलटा."

"आता या आरशातल्यासारखी मोटार खरोखर बनवली, तर ती चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं. "दोन फेज अदलाबदल केले की आपलीच मोटार उलटी फिरते. तिच्यात कमी काही नसतं."

मॅडम म्हणाल्या, शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं. आरशात दिसतं ते सगळं निसर्गात घडू शकतं, डाव्या-उजव्यात निसर्ग भेद करत नाही, असं ते धरून चालले होते. मग सत्तरेक वर्षांपूर्वी काही जणांनी ते खरोखर मोजून पाहायचं ठरवलं, आणि निघालं भलतंच. म्युऑन हा स्वतःभोवती फिरणाऱ्या रोटरसारखा असतो. फुटताना तो आपला कण शाफ्टच्या, म्हणजे मधल्या आसाच्या, एका टोकाकडे जास्त वेळा फेकतो, दुसऱ्या टोकाकडे कमी. आरशात बघितलं तर त्याचं फिरणं उलटं होतं, पण फेकायची दिशा तीच राहते. उलटं फिरून त्याच बाजूला जास्त फेकणारा म्युऑन निसर्गात नाही. आरशात दिसतो, बाहेर सापडत नाही.

मालक चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी ही एकाच बाजूनं चालनारी मोटार म्हना," ते म्हणाले.

मॅडमना ते इतकं पटलं की त्यांनी पर्समधून पेन काढून हातावर लिहून घेतलं.

तांब्याचे जाड पत्रे त्यांनी भिंगारच्या बाजारातल्या एका भांडेवाल्याकडून प्रयोगापुरते मागून आणले होते. ते पेटीत बसणार होते. वर आणि खाली काळ्या कागदात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पाट्या. कण लागला की त्या आतल्या आत लकाकतात आणि यंत्र ते मोजतं. मी विचारलं, वरची पाटी आणि खालची पाटी अगदी सारखं मोजतात कशावरून? मॅडम म्हणाल्या, नेमकं हेच कळत नाही, म्हणून तर कॉइल हवी. करंट सोडला की फुटण्याआधीच्या तेवढ्याशा वेळात चुंबकानं म्युऑनचा शाफ्ट गोल फिरतो. मग लगेच फुटणाऱ्यांचे जास्तीचे कण वर, जरा उशिरा फुटणाऱ्यांचे खाली, त्याहून उशिराचे पुन्हा वर, असे जायला हवेत. अशी लाट दिसली तर तो पाट्यांचा दोष नव्हे, कणाचाच स्वभाव.

पेटी सुतारानं सागवानाची करून दिली. आम्ही ती दोन लोखंडी स्टँडवर आडवी चढवली, उजव्या टोकाला दांडा लावला. मालक दांडा फिरवायचे आणि मी तार सोडायचे. मोटारीची कॉइल आतल्या लोखंडी खाचांत, स्लॉटमध्ये, लपून जाते, तिथं एखादा वेढा सैल पडला तरी कुणाला दिसत नाही. इथं सगळं उघड्यावर होतं. पहिला थर लावायला दोन दिवस गेले. मग कागद लावला, वार्निश मारलं आणि पेटी उतरवून उन्हात ठेवली. मध्ये दोन दिवस मोटारींची कामं उरकली. पाचव्या दिवशी पेटी परत चढवली आणि दुसरा थर घातला. तारेच्या सुरुवातीच्या टोकावर लाल स्लीव्ह, म्हणजे बारीक नळी, शेवटच्या टोकाला काळी, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत. पहिल्या थराचं काळं टोक मी दुसऱ्याच्या लाल टोकाला जोडलं आणि मल्टीमीटर लावून बघितलं. कुठं तुटलेलं नव्हतं, कुठं शॉर्ट नव्हतं. टेम्पोत गादीवर ठेवून पेटी कॉलेजला गेली. दुकान दोन दिवस मोकळं मोकळं वाटत होतं.

त्यानंतर मॅडम आल्या त्या थेट जानेवारीच्या शेवटी, कॉलेजच्या बोअरची मोटार जळाली म्हणून. मी पेटीचं विचारलं. त्या म्हणाल्या की महिनाभर मोजणी चालू आहे, पण लाट काही दिसत नाही. करंट सोडला काय आणि नाही सोडला काय, आकडे सारखेच. पाट्या बदलून पाहिल्या, यंत्राच्या वायरी बदलल्या, पत्रे काढून पुन्हा रचले. मोजणीला बसणारी कॉलेजची मुलंमुलीही आता कंटाळायला लागली होती.

"तुमच्या कॉइलचा प्रश्न नाही ताई," त्या म्हणाल्या. "ती इतकी छान तापते, सगळीकडे एकसारखी."

हे त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या, पण मला ते टोचलं. तापणं म्हणजे तारेतून करंट जातोय एवढंच. आमच्याकडे चुकीच्या जोडणीची मोटारही तापते. ती गुणगुणते, तापते आणि जागची हलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याच बोअरच्या मोटारीच्या कॉइल करायला बसले. डोक्यात पेटीच होती. सुतारानं पेटीच्या एका टोकाला पेन्सिलीनं फुली मारलेली होती. पहिला थर घालताना ती फुली दांड्याजवळ होती. मालकांचा हात तिच्यावरून जाताना मी दोन दिवस बघितला होता. आणि दुसऱ्या थराच्या वेळी? दुसऱ्या थराच्या वेळी ती फुली माझ्या डाव्या हाताशी होती, कारण तार सोडताना माझी बांगडी तिच्यावर घासायची. म्हणजे उन्हातून आणलेली पेटी आम्ही टोकं बदलून चढवली होती. दांडा तसाच फिरला, पण पेटीच्या दृष्टीनं दुसरा थर उलटा गुंडाळला गेला.

मी हातातली तार खाली ठेवली आणि मालकांना सांगितलं. त्यांनी हवेत हात फिरवून दोनदा खात्री केली.

"व्हय की," ते म्हणाले. "एक थर वढतोय आन् दुसरा ढकलतोय."

त्यांनी लगेच मोटरसायकल काढली. मी वाटेत एकदा म्हटलं की मॅडम काय म्हणतील. ते म्हणाले की लपवलं तर काय म्हणतील त्याचा विचार कर.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेटी टेबलावर होती. वर-खाली काळ्या पाट्या, बाजूला आकडे दाखवणारं यंत्र. मी मॅडमकडे होकायंत्र मागितलं. करंट चालू होता, लाकूड कोमट लागत होतं. होकायंत्र पेटीच्या तोंडाशी धरलं. सुई जागची हलली नाही. मग मी दोन्ही थर सुटे केले आणि एकेकाला करंट द्यायला सांगितलं. पहिल्या थराला सुई गर्रकन एका बाजूला गेली, दुसऱ्याला तितक्याच जोरानं विरुद्ध बाजूला.

मॅडम स्टुलावर बसल्या. आणि हसायला लागल्या.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पेटी फिरली आणि मला कळलं नाही."

"मी करंट मोजला आणि चुंबक आहे असं धरून चालले," त्या म्हणाल्या. "महिनाभरात एकदाही सुई धरून पाहिली नाही. अर्धी चूक माझी."

पेटी परत नेऊन दुसरा थर नव्यानं घालून देते, असं मी म्हटलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं. दोन टोकं अदलाबदल केली की काम भागतंय. तेही खरंच होतं. मी स्लीव्ह काढल्या, टोकं बदलली, झाळ लावली. पाच मिनिटांचं काम. पुन्हा करंट सोडल्यावर सुई अशी ताठ उभी राहिली की मालकांनी ती बोटानं हलवून पाहिली. मला मात्र उलटा थर तसाच ठेवायचा हे जड गेलं. माझ्या हातचं काम होतं ते.

एप्रिलमध्ये मॅडमचा फोन आला की दोघांनी या. मोजणीला दोन महिने होऊन गेले होते. मधे लाइट जायची, तेवढे आकडे त्यांनी सोडून दिले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र उघडलं. नुसते ठिपके होते, लगेच फुटलेल्यांचे डावीकडे, उशिरा फुटलेल्यांचे उजवीकडे, आणि प्रत्येक ठिपक्याला एक उभी रेघ. रेघ म्हणजे इथपर्यंत आमची चूक असू शकते, असं त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं. चूक किती असेल ते आधीच आखून मग उत्तर सांगायचं.

करंट बंद असतानाचे ठिपके जवळजवळ सरळ ओळीत होते. करंट चालू असतानाचे आधी वर होते, मग खाली उतरले, मग पुन्हा वर चढले. लाट काही मोठी नव्हती. एकदा दिसली की मात्र नजर तिच्यावरून हटेना. आभाळातून आलेला कण आमच्या तारेनं वळला होता, आणि वळला तेव्हा त्याची फेकायची बाजूही वळली होती. मी खुर्चीला धरून उभी होते. छातीत काहीतरी हलकं हलकं वाटत होतं. बारावीचा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा असं वाटलेलं मला आठवत नाही.

मालकांनी एकच प्रश्न विचारला. "पर मॅडम, ह्यो एकाच बाजूचा का झाला?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तसं आहे, एवढंच कळलंय."

मालकांनी मान डोलावली. उत्तर त्यांना पुरेसं वाटलं. येताना आम्ही रसवंतीवर थांबलो आणि एकेक ग्लास जास्तीचा प्यालो.

आता दुकानात कुणी शेतकरी मोटारीसाठी ताटकळत बसला की मालक त्याला कॉलेजच्या पेटीची गोष्ट सांगतात. सांगता सांगता म्युऑनचं 'मुवान' होतं आणि कधीकधी वरचं खाली होतं. मग मी आतून दुरुस्त करते. परवा श्रीगोंद्याकडचे एक पाहुणे बसले होते, त्यांच्या मेव्हण्याची सबमर्सिबल आमच्याकडे होती. सगळं ऐकून ते म्हणाले की याचा उपयोग काय. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उपयोग मलाही माहीत नाही, पण खरं आहे, आम्ही बघून आलोय. त्यांनी तळहात पुढे करून उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, आत्ता बी जातंय का? जातंय म्हटल्यावर ते हात तसाच पसरून बसून राहिले, चहा येईपर्यंत.