अपोल्सकाकांनी घालवलेले एकतीस सूर्य

अपोल्स ब्यूकस दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलंडच्या वेधशाळेत सव्वीस वर्षं मोठी दुर्बीण चालवत होते. त्याआधी मेंढ्यांची लोकर कातरायचे. दोन्हीकडे मालकाच्या मालाबद्दल बोलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे रीतच तशी आहे. चालकाने दुर्बीण ताऱ्यावर आणावी, ढग आले तर सांगावं आणि ताऱ्याबद्दल तोंड बंद ठेवावं. मी तिथे स्वयंपाक करते. मला असलं काही बंधन नाही.

झिंतले माबांदला ही खगोलशास्त्रज्ञ चार हिवाळे एकाच ताऱ्यामागे होती. हा दांडगा तारा आणि एक कृष्णविवर एकमेकांभोवती फिरतात. विवर काही दिसत नाही, म्हणून ताऱ्याचा वेग मोजायचा आणि त्यावरून विवराचं वजन काढायचं. ते आलं एकतीस सूर्यांएवढं. इतकं जड विवर झिंतलेच्या ओळखीत कोणालाच मिळालं नव्हतं. शुक्रवारी शोधनिबंध धाडला की केप टाउनची कायमची नोकरी तिचीच होती.

बुधवारी दुपारी चारला, म्हणजे त्यांच्या न्याहारीला, काकांनी निखाऱ्यावरचा पाव मोडला आणि तसाच ठेवला.

"झिंतले, खुंटीला बांधलेला कुत्रा गोल धावतोय. बरोबर तुझ्यासमोरून जाताना तो जवळ येतो की लांब जातो?"

"कुठलंच नाही, काका. आडवा जातो."

"विवराचे क्ष-किरण झाकले जातात, म्हणजे तुझा तारा समोर आलेला असतो. नेमका तेव्हाच तो आपल्याकडे सगळ्यात जोरात येताना दिसतो."

ती हसली. मग हसायची थांबली.

"काका, तुम्ही दुर्बीण सांभाळा ना," म्हणाली आणि ताट टाकून गेली.

शुक्रवारी सकाळी आली ती डोळे सुजवून. असे तारे आपलंच अंग वाऱ्यासारखं बाहेर उधळत असतात. विवराच्या किरणांनी त्या वाऱ्याची चमक मारून टाकली होती, ताऱ्याच्या सावलीतला भाग तेवढा उजळत होता. झिंतलेने चार वर्षं ताऱ्याचा नव्हे, त्या वाऱ्याचा वेग मोजला होता. आता विवर पाच सूर्यांचं असेल, नाहीतर पंचवीसचं, सांगता येत नव्हतं. नव्याने लिहिलेल्या निबंधात तिने तेच म्हटलं होतं.

"आणि नोकरी?" मी विचारलं.

"गेली." मग काकांकडे वळून म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच हिवाळ्यात."

मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

"मग आत्ता कशाला बोललात?" झिंतलेने विचारलं.

काका टोपी फिरवत बसले. "निबंध गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी ही चूक काढली असती, पोरी. चारचौघांत."

तिने निबंधाचं पहिलं पान पुढे ओढलं आणि आपल्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं. काकांनी ते वाचलं आणि खोडायला सांगितलं.

"का म्हणून?" झिंतले म्हणाली. "चार वर्षांची चूक दोघांची आहे. मी एकटीने का सही करायची?"